पौलसकाकांच्या घरी कशालाही चांगलं म्हणू नका

पौलसकाकांच्या घरी गेलात तर एक करा. पाणी दिलं तर पाणी प्या, बसा म्हटलं तर बसा, तब्येत विचारा, तुरीला यंदा शेंगा कशा आहेत ते बोला. पण घरातल्या कुठल्याही वस्तूला चांगलं म्हणू नका. म्हणालात की ती वस्तू तुमची झाली. तुम्ही हात जोडाल, नको नको म्हणाल, पळून जाल, काही उपयोग नाही. संध्याकाळपर्यंत ती तुमच्या ओट्यावर येऊन बसलेली असते.

हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर आमच्या पुढच्या खोलीत आज त्यांचा पंखा फिरत नसता.

आम्ही दिग्रसला हे घर घेतलं तेव्हा भर उन्हाळा होता. शेजारी कोण आहे बघावं म्हणून आम्ही नवरा-बायको भेटायला गेलो. काका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, आता घरीच असतात, बायको मार्थाकाकू वर्षभरापूर्वी वारल्या, मुलगी रिबेका नागपूरला नर्स आहे, एवढं आम्हाला घर दाखवणाऱ्यानं सांगितलं होतं. काकांनी सलाम केला, माठातलं पाणी दिलं आणि पंखा लावला. आमचे हे शाळेत मास्तर. गप्प बसणं त्यांना जमतच नाही. घाम पुसत म्हणाले, "वा काका, पंखा जोरदार आहे तुमचा!"

काका उठले. मेन बंद केलं, स्टूल आणलं, पेचकस आणला. मला वाटलं, तेलबिल द्यायचं असेल. फिटर माणूस, हात शिवशिवत असतील. बघता बघता पंखा खाली. पाती सुटी करून कागदात गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि ह्यांच्या मांडीवर ठेवली.

"घ्या मास्तर."

"अहो काका, अन् तुमाले?"

"आपलं भरेल हाय," काका म्हणाले.

मी आ वासून बघत राहिले. यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना, कौलं तापून लाल झालेली, आणि हा माणूस पंखा काढून देतो आणि वर म्हणतो आपलं भरलेलं आहे! आम्ही पंखा परत नेऊन ठेवला. सकाळी तो आमच्या ओट्यावर. आम्ही पुन्हा नेला. तो पुन्हा आला. शेवटी काकाच स्टूल घेऊन आले आणि आमच्या छताला टांगून गेले. तेव्हापासून त्या पंख्याखाली बसलं की मला वाराही लागतो आणि लाजही वाटते.

"आपलं भरेल हाय" हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. जेवता का? आपलं भरेल हाय. रिबेकाकडे नागपूरला काहून नाही जात? आपलं भरेल हाय. एकदा तापानं फणफणलेले असताना मी पेज घेऊन गेले, तर डोळे न उघडता तेच. बाप्पा! अंगात ताप भरला होता तेवढा, बाकी घरात काहीच नव्हतं. उशाशी तांब्या रिकामा. पण पाणी द्या असं हा माणूस म्हणणार नाही. मागणं त्यांच्या तोंडात नाहीच.

आता मी कशी आहे तेही सांगते. मी घरी ब्लाऊज शिवते आणि मला वस्तू आवडतात. आमच्या फ्रिजला मी शिवलेली झालर आहे, मिक्सरला टोपी आहे, शोकेसमधल्या कपांना मी कोणाला हात लावू देत नाही. अशा बाईच्या भिंतीला भिंत लागून हा माणूस! रोज काहीतरी बघून माझं काळीज हलायचं. आज खाट चालली. आज सायकल चालली. एकदा तर चक्क दाराचा पडदा काढून देत होते, मीच ओरडले म्हणून राहिला.

गावात ही गोष्ट पसरायला किती वेळ? मागच्या गल्लीतला एक जण मुद्दाम आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "काका, खाट मस्त हाय." दुसऱ्या दिवशी काका चटईवर. मी त्या माणसाला रस्त्यात गाठून असं धुतलं की तो आता आमच्या गल्लीतून जातच नाही. खाट मात्र त्यानं ठेवून घेतली, बेशरमानं.

रिबेका नाताळला आली. आधीच्या खेपेला तिनं वडलांसाठी मिक्सर आणला होता. घरात शिरली, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि मटकन खाली बसली. बसायला खाली जमीन तेवढीच उरली होती.

"बाबा, मिक्सर कुठं हाय?"

"समोरच्या शेवंताबाईनं म्हटलं, आवाज नाही करत, चांगला हाय."

"अन् मी पाठवलेली रजई?"

"ते उबदार हाय म्हणे. पोस्टमन म्हणत होता."

"अवो बाबा, हे घर होय का धर्मशाळा होय?" पोरगी रडायलाच लागली. जाताना माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुम्हीच लक्ष ठेवा. कोणी काही चांगलं म्हणू नये, एवढं पाहा." मग तिनं त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांनाही सांगितलं. आणि खरं सांगते, रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सगळ्या मंडळीसमोर जाहीर केलं, की पौलसभाऊंच्या घरी जाणाऱ्यानं कृपा करून कशाचीही तारीफ करू नये. पौलसकाका पुढच्याच बाकावर बसून मान डोलवत होते. जसं काही दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय.

तेव्हापासून मी पहारेकरीण झाले. त्यांच्या फाटकाशी कोणी दिसलं की इकडून ओरडायचे, "आत जा, बसा, अन् तोंड बंद ठेवा!"

संध्याकाळी काका ओट्यावर बसून देवाचे उपकार मानतात. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. मधली भिंत माझ्या कमरेएवढी, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. आमचं बौद्धाचं घर. आमच्याकडे अशी देवाशी गप्पा मारायची रीत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातलं सुपडं तसंच धरून उभी राहिले. कारण जे जे गेलं त्याचे ते उपकार मानत होते.

"पंखा गेला, प्रभू, तुहे उपकार. वारा हाय, तुहे उपकार. खाट गेली, तुहे उपकार. पाठ शाबूत हाय, तुहे उपकार."

मला हसावं की त्यांच्या डोक्यावर पाणी ओतावं, कळेना.

पण माझा खरा राग वेगळाच होता. मी बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला की वाटीभर काकांकडे जातो. माझ्या हातच्या पाटोडीच्या रश्श्यासाठी आर्णीहून माझे दीर गाडीवर येतात. काका वाटी परत आणतात, घासूनपुसून, आणि रिकामी कधीच नाही. शेवग्याच्या शेंगा, चार लिंबं, काहीतरी घालून. पण रस्सा कसा झाला? एक शब्द नाही! इतक्या वर्षांत बरा झाला म्हणून नाही, खारट झाला म्हणूनही नाही. बाईमाणसाला याच्यापेक्षा मोठा अपमान नसतो.

त्याचं कारण मला त्यांच्या कापणीच्या सणाला कळलं. ह्या सणाला त्यांची मंडळी शेतातलं, परसातलं पहिलं पीक घेऊन चर्चमध्ये येतात. कोहळी, तुरीच्या शेंगा, कापसाची गाठोडी, कोंबड्यासुद्धा. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. काका दरवर्षी बोलावतात, मीही जाते. लिलाव पुकारणाऱ्याची जीभ कशी चुरुचुरु चालायला पाहिजे! त्या वर्षी पाळकसाहेबांनी मान म्हणून काकांना उभं केलं. काकांनी एक भलंथोरलं कोहळं दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाले,

"हे कोहळं होय."

आणि गप्प. लोक वाट पाहत राहिले. मागून कोणी तरी ओरडलं, "कसं हाय, पौलसभाऊ?"

काकांनी कोहळ्याकडे नीट पाहिलं. "गोल हाय."

पुढं कोंबडी आली. "कोंबडी होय." थोडं थांबून म्हणाले, "जित्ती हाय." सगळं अंगण हसून लोळायला लागलं. पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि काकांना खाली बसवलं.

घरी येताना मी विचारलं, "काका, दोन शब्द चांगले म्हटले असते त काय बिघडलं असतं?"

"दुसऱ्याच्या वस्तूले चांगलं म्हणणं म्हणजे मांगणंच झालं न, सूनबाई," काका म्हणाले. "आपलं भरेल हाय. मांगू कायले?"

मी रस्त्यातच थांबले. म्हणजे हा माणूस समजत होता, की सगळं जग त्याच्याच नियमानं चालतं! रस्सा चांगला म्हटलं तर मी भांडं देऊन टाकीन, म्हणून इतकी वर्षं मुकाट्यानं खात होता!

"अन् तुमच्या घरचं कोणी चांगलं म्हटलं, की लगेच देऊन कायले टाकता?"

काका जरा लाजले. "कोणी चांगलं म्हटलं की छातीत गुदगुल्या होतात, सूनबाई. तवा समजायचं, वस्तू आत शिरून राह्यली. वस्तू घरात हाय तोवर ठीक. आत शिरली की मंग प्रभूनं बसावं कुठं?"

 मी आपली माझ्या शोकेसमधल्या कपांचा विचार करत घरी आले.

मग ती लोणच्याची गोष्ट झाली.

माझ्या सासूबाई आर्णीकडच्या गावी राहतात. गेल्या वर्षी तापानं त्यांना यवतमाळला दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि तिथून आम्ही त्यांना आमच्याकडेच आणलं. ताप गेला, पण तोंडाची चव गेली. ताट पुढं केलं की बाजूला सारायच्या. "माती लागते," म्हणायच्या. दिवसेंदिवस नुसत्या चहावर. अंगावरचं मांस झडून गेलं. ह्यांचं तोंड उतरलं, माझं मशीन बंद पडलं.

भिंतीपलीकडून काकांना ते ऐकू येत असणार. एका दुपारी ते बशीत लिंबाच्या लोणच्याची एक फोड घेऊन आले. काळीकुट्ट, मऊ, रसात बुडालेली.

"जुनं लिंबू होय, वहिनी. तोंडाले चव येते. जिभेवर ठेवून पाहा."

सासूबाईंनी फोड जिभेवर ठेवली. डोळे मिटले. आणि काय सांगू तुम्हाला, म्हणाल्या, "भाकर हाय का?" अर्धी भाकर खाल्ली! मी चुलीपाशी उभी राहून पदरानं डोळे पुसत होते, आणि त्याच नादात माझं पहाऱ्याचं काम विसरले. सासूबाई म्हणाल्या, "भाऊ, असं चांगलं लोणचं म्या जलमात नाही खाल्लं!"

मायवं! शब्द निघून गेला होता.

काका उभे राहिले. पंखा काढताना हा माणूस थांबला नव्हता, खाट देताना थांबला नव्हता. आज थांबला. खाली आपल्या चपलांकडे बघत राहिला. मग गेला आणि चिनीमातीची बरणी घेऊन आला. तोंडाला फडकं बांधलेली, अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली.

"घ्या वहिनी," एवढंच म्हणाला. आपलं भरेल हाय, हे म्हटलंच नाही. माझ्या ते नंतर लक्षात आलं.

सासूबाई लोणच्यावर जेवायला लागल्या. दोन घास, मग चार, मग भाकर. आम्हीही चाखलं. ह्यांना तर खिचडीबरोबर रोज लागायला लागलं. मी म्हटलं, बरणी अशी संपेल, कृती विचारून घ्यावी. हातातला ब्लाऊज ठेवला आणि भिंतीपाशी जाऊन हाक मारली.

"काका, लोणच्यात काय काय टाकता हो?"

काका शेंगा निवडत होते. "मले नाही येत, सूनबाई. ते मार्थानं टाकेल होतं."

"मार्थाकाकूनं? कधी?"

"जायाच्या आधी. त्या साली झाडाले लय लिंबं होते. बरणी उन्हात ठेवली अन् म्हणे, मुरू द्या, घाई करू नका. मंग तेच गेली."

 आम्ही ह्या घरात आलो त्याच्याही आधीचं लोणचं! इतकी वर्षं हा माणूस ते पुरवून पुरवून खात होता, आणि आम्ही खिचडीबरोबर ओरपत होतो.

"काका, मग देलं कायले? तुम्हीच म्हणता, आत शिरेल ते काढून टाकावं. हे आत शिरलं होतं म्हणून काढलं का?"

काकांनी शेंग सोलली. दाणे हातातच राहिले. "हे शिरलं नव्हतं, सूनबाई. हे आधीपासून आतच होतं." मग म्हणाले, "जेवतानी हात ताटाच्या त्या कोपऱ्याकडं जाते अजून. तिथं काही नसते."

मी धावत घरी आले. हे नुकतेच जेवायला बसले होते आणि चमचा बरणीत होता.

"हात मागं घ्या!" मी अशी किंचाळले की चमचा खाली पडला.

सगळं ऐकल्यावर सासूबाईंनी ताट सारलं. "माही जीभ झडो," म्हणत रडायला लागल्या. मी त्याच पावली बरणी घेऊन काकांकडे गेले. काका म्हणाले, "देलेलं वापस घेतलं त मंग ते देलंच नाही, सूनबाई." ते बाजारात गेले असताना मी ती त्यांच्या फळीवर ठेवून आले. सकाळी आमच्या ओट्यावर! पंख्याचंच सगळं पुन्हा. मी भांडले, रडले, पाळकसाहेबांना मध्ये घातलं. काका आपले हसतात आणि नाही म्हणतात.

पण संध्याकाळी मी भिंतीशी उभी राहून ऐकलं. काकांचं सुरू होतं. पंखा गेला, उपकार. खाट गेली, उपकार. सायकल गेली, उपकार. "लोणचं…" म्हणाले, आणि थांबले. मी वाट पाहिली. पाखरं झाडावर बसली, जिनिंगकडची शेवटची गाडी गेली. पुढचा शब्द आलाच नाही. काका उठून आत गेले. देवासमोर त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं बोलायचं जमत नव्हतं. मी तिथंच भिंतीला धरून रडले.

मार्ग काढला तो सासूबाईंनी. "देलेलं घेत नाही न तो?" म्हणाल्या. "मंग त्याले मांगू दे. जेवाले बलाव."

मी पाटोडीचा रस्सा केला. काकांना पंख्याखाली बसवलं. ताट वाढलं आणि डाव्या बाजूला, त्या कोपऱ्यात, लोणच्याची एक फोड ठेवली. बरणी मुद्दाम समोर. मी तव्यापाशी, हे दाराशी, सासूबाई खाटेवर. 

काका जेवत होते. भाकर संपली, दुसरी घेतली. रस्सा संपला. हात सारखा त्या कोपऱ्याकडे जायचा आणि वळून यायचा. शेवटी सगळं ताट रिकामं झालं आणि फोड तेवढी उरली. त्यांनी ती उचलली. तोंडात ठेवली. डोळे मिटून कितीतरी वेळ बसले. गालावरून पाणी ओघळून मिशीत गेलं. त्यांनी डोळे उघडून बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही काय केलंय ते त्यांना पुरतं कळलं होतं.

"सूनबाई," काका म्हणाले.  "लोणचं चांगलं हाय."

तव्यावरची भाकर जळाली. जळू दे म्हटलं. ह्या माणसानं कशाला चांगलं म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते! मी बरणी उचलली, फडकं आवळून बांधलं आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"घ्या काका," मी म्हटलं. "आमचं भरेल हाय."

काका पंख्यालाही चांगलं म्हणतील ह्या आशेनं ह्यांनी एकदा वर पंख्याकडे पाहिलं, पण काकांनी वर पाहिलंच नाही. सासूबाई मात्र कुठल्या ऐकतात! पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "अन् भाऊ, रस्सा कसा झाला?"

काका घाबरून माझ्याकडे बघायला लागले. "रश्श्याचं मी काही बोलत नाही, वहिनी. सूनबाई कढई देऊन टाकतील."

आम्ही सगळे हसलो, रडता रडता. काका उठले. बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि अंगणातून फाटकापर्यंत गेले. तिथं उभे राहिले. मी ओट्यावरून पाहत होते, आता खाली ठेवतील, कडी काढतील, पुन्हा उचलतील. त्यांनी बरणी खाली ठेवली नाही. मागं वळून माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई," म्हणाले, "जराशी कडी काढून देता का?"

मी अनवाणीच धावले आणि कडी काढली.